आगाऊ उचल

देवगडजवळच्या आमच्या गावात कलमांना मोहोर धरला की वाशीच्या दलालाची आगाऊ रक्कम घरी येत असे आणि मग त्या हंगामातल्या पेट्या, दुसरीकडे भाव कितीही चढा असला तरी, त्याच्याच गाळ्यावर जात असत. त्यामुळे बी.एस्सी. आयटी झाल्यावर एका सल्लागार कंपनीचा करार माझ्या हातात आला, तेव्हा तो माझ्याआधी बाबांना समजला.

ही कंपनी नवपदवीधरांना निवडून ३ महिने जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल आणि सॉफ्टवेअरचे टेस्टिंग शिकवते व मग बँका, विमा कंपन्या अशा ग्राहकांकडे कामाला पाठवते. ग्राहकाकडून आपल्या कामाचा दिवसाचा दर ती घेते, आपल्याला मात्र ठरलेला पगार देते. २ वर्षांआधी सोडल्यास दीड लाख रुपये भरावे लागणार होते. ओटीवर बसून ते कलम दोनदा वाचल्यावर बाबांनी एवढेच विचारले, "आणि पेटी खपली नाय तर?"

उत्तर सातव्या पानावर बारीक अक्षरांत होते: ग्राहक मिळेपर्यंत, म्हणजे 'बेंच'वर असताना, निम्मा पगार; शिवाय प्रशिक्षणाचा आणि बेंचचा काळ त्या २ वर्षांत धरला जाणार नाही. तरीही मी सही केली, कारण आमच्या महाविद्यालयात कॅम्पस मुलाखतींना कोणी फिरकत नसे.

नवी मुंबईत घणसोलीच्या खोलीत मी ११ आठवडे बेंचवर काढले. सरावाचा प्रकल्प माझ्या बायोडेटात कंपनीने 'अनुभव' म्हणून घातला होता. पहिल्या ग्राहकाने त्यावरच खोदून विचारले आणि मी गप्प झालो. पुढच्या मुलाखतीत तो केवळ सराव होता हे मी आधीच सांगून टाकले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवून एकही व्यवहार न केलेले खातेदार शोधणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायला सांगितली. लेफ्ट जॉइनने खातेदारांची पूर्ण यादी व्यवहारांच्या यादीला जोडून व्यवहाराचा रकाना नल, म्हणजे रिकामा, आहे का, एवढेच तपासायचे होते, आणि ते मला येत होते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते, हे मला फार उशिरा कळले. अस्सल गुणपत्रिका मात्र मी कंपनीकडे ठेवायलाच नको होत्या. जवळजवळ अडीच वर्षांनी त्या परत मिळाल्या, तेव्हा प्रत्येकीच्या कोपऱ्यावर टाचणीच्या गंजाचा डाग पडला होता.