पणजी-फोंडा, सव्वासहाची गाडी

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज बाणस्तारीच्या पुलाआधीच गाडी अडकली ती अर्धा तास. एरवी मी कंटाळले असते, आज नाही. मागच्या बाकांवर आमची चौकडी पुरी जमली होती आणि विषय अर्थातच सिनेमा. भोमला पोचेपर्यंत तीन सिनेमांचा निकाल लागला होता.

आमची ओळख या गाडीतलीच. वेलिंगचे काका निवृत्तीला आलेले, बँकेतल्या वहिनी कुंडईच्या, फर्मागुडीला उतरणारा मुलगा पणजीत पाटोवर कुठल्याशा कंपनीत, आणि मी. पाच वर्षांत एकमेकांच्या घरी आम्ही एकदाही गेलेलो नाही. पण कोणाला कुठल्या सिनेमात रडू आलं, हे मात्र नेमकं ठाऊक आहे. कोणी काय सांगितलं ते मी या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते: सिनेमाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, आणि बघितला की खूण.

काका सांगायला लागले की गोष्ट शेवटापर्यंत सांगून टाकतात. मुलगा कानांवर हात ठेवतो आणि वहिनी म्हणतात, "सांगूं दी रे तांकां." आज त्यांनी पुन्हा 'त्रिकाल' काढला. श्याम बेनेगलांचा, १९८५चा, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दिवसांतल्या गोव्यातला. लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात त्याचं चित्रीकरण झालं आणि रात्रीचे कितीतरी प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले, हे काकांनी आजवर चार वेळा तरी सांगितलं असेल. दर वेळी मी ऐकते, कारण कथेशी त्यांना फारसं देणंघेणं नसतंच. ते त्या उजेडाबद्दल बोलत असतात. त्यांच्या लहानपणी घरी वीज नव्हती. भिंतीवर सावली कशी हलायची, आजी दिवा घेऊन माजघरातून आली की तिच्याआधी तिची सावली कशी यायची, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. तो सिनेमा मी काकांमुळे बघितला आणि खरोखर भिंतीच बघत बसले.

मुलाचं वेगळं. तो आकडा देतो. "दहापैकी साडेआठ." मला त्या साडेआठाचं काय करायचं ते कधी कळलं नाही. साडेआठ कोणासाठी? दमून आलेल्या माणसासाठी, की सुट्टीच्या दिवशी निवांत बसलेल्यासाठी? मागे त्याने वहिनींना 'कोर्ट' बघायला सांगितला होता. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका लोकशाहिरावरचा खटला, लांबच लांब प्रसंग, जागचा न हलणारा कॅमेरा. मला वाटलं, वहिनी दहा मिनिटांत बंद करतील. आठवड्याने त्या म्हणाल्या, "संथ आहे. पण ती सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर पोराला घेऊन घरी येते नि स्वयंपाकाला लागते ना, तिथे मी थांबले. पुन्हा लावून बघितलं." दिवसभर काउंटरवर बसून, कुंडईला उतरून, घरात शिरल्या शिरल्या गॅस पेटवणाऱ्या बाईला तो सिनेमा तिथे भेटला. तो साडेआठांत कुठे येतो? मी हे मुलाला बोलून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. त्यानंतर आकडा देऊन झाला की तो एक वाक्य जास्त बोलतो. मला ते आवडतं.

सध्या इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू असल्यामुळे गाडीला गर्दी आहे. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं जुन्या गोव्यापर्यंत उभ्यानेच सिनेमांवर बोलत होती. २००४ साली महोत्सव पहिल्यांदा गोव्यात आला तेव्हा काकांनी रजा टाकली होती आणि जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या नव्या थिएटरबाहेर रांगेत उभे राहिले होते. ते म्हणतात, रांगेतला सल्ला सगळ्यात खरा. समोरच्याला तुमचं नाव माहीत नसतं, तुम्हाला खूश करायचं नसतं, दार उघडायला पाच मिनिटं उरलेली असतात. तो सरळ सांगतो, हा सोडा, पलीकडचा बघा. मला हे पटतं, तरी पुरतं पटत नाही. अनोळखी माणूस सिनेमाबद्दल खरं सांगेल. माझ्याबद्दल त्याला काय माहीत?

हे मी शिकले ते मार्दोळच्या बायकडून. ती पूर्वी आमच्याच गाडीला असायची. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं, "एखादो बरो मराठी सिनेमा सांग गो." मी क्षणाचाही विचार न करता 'श्वास' म्हटलं. संदीप सावंतांचा हा सिनेमा मी बाबांबरोबर बघितला होता. 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणला त्यानेच. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग, डोळे काढले तरच जीव वाचणार, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला जग दाखवायला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात. अरुण नलावडेंचा तो आजोबा आठवला तरी माझा घसा दाटतो. मी तिला इतकंच सांगितलं, की रडशील, पण बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाजूला येऊन म्हणाली, तिच्या भावाचा पाच वर्षांचा मुलगा महिनाभर इस्पितळात होता. रोज संध्याकाळी ती तिथूनच गाडीला येत होती. "तुझेर राग ना गो," ती म्हणाली. "पूण सांगचे पयलीं मात्शें विचारचें." सांगण्याआधी जरा विचारावं, एवढंच. मला तिचे लाल झालेले डोळे रोज दिसत होते. मी समजत होते, कामाचा शीण असेल.

पुढे तिची बदली म्हापशाला झाली आणि गाडी सुटली. मागच्या पानावर 'श्वास'पुढे तिचं नाव आहे, खूण मात्र मी केली नव्हती. सिनेमा तिने बघितला होता, तरीही.

आज ती भेटली. पणजीच्या स्टँडवर, हातात पोरासाठी घेतलेली चित्रकलेची वही. भाचा बरा आहे, यंदा दुसरीत गेला. माझ्या तोंडून नुसतं "देवाची कृपा" एवढंच निघालं. गाडीत माझ्या शेजारी बसली आणि मंगेशी आल्यावर म्हणाली, "आतां म्हाका एक सिनेमा सांग."

मी विचारलं, सध्या झोप लागते का? घरी टीव्हीपाशी कोण कोण बसतं? भाचा सोबत असतो? रडायला चालेल की नको? ती हसली आणि एकेकाचं उत्तर देत गेली. सगळं ऐकून झालं तरी मला नाव सुचेना. मार्दोळ आलं, ती उठली. मी म्हटलं, सोमवारपर्यंत मुदत दे.

"तोपर्यंत तू हो पळय," ती दाराशी उभी राहून म्हणाली आणि 'नाचूंया कुंपासार'चं नाव घेतलं. बार्ड्रॉय बार्रेटोंचा कोंकणी सिनेमा, ख्रिस पेरींची जुनी गाणी असलेला. "तुजो बापूय तीं गाणीं म्हणटालो म्हूण सांगलेंलें तुवें."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ते ही गाणी म्हणायचे, हे मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. तिला आठवत होतं.

नाव लिहून ठेवलं आहे, पुढे तिचं नाव. उद्या शनिवार, आई दुपारी जागी असते. तिला विचारून बघते, तिला ती गाणी ऐकवतील का.