कमरेला आयफोन लावलेली बाई

२०१९ साली तो फोटो तुम्हालाही आला असेल बहुतेक, मातीत एक सांगाडा, त्याच्या कमरेपाशी मोबाईलएवढी काळी चौकोनी पाटी, आणि खाली कॅप्शन, "दोन हजार वर्षांपूर्वीचा आयफोन". आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मामा "आपल्याकडे हे सगळं त्याच्याही आधी होतं" असं टाकून मोकळा झाला आणि विषय संपला. माझा नाही संपला. बाकी सगळे मोबाईल मोबाईल करत होते आणि मला एवढंच कळेना की ही बाई कोण, आणि एवढं जड धूड कमरेला लावून ही करायची काय?

तर तो पट्ट्याचा बक्कल आहे. जेट नावाचा, कोळशाच्या जातीतलाच काळाभोर दगड, जवळपास १८ सेंटीमीटर लांब आणि ९ रुंद, त्यात फिरोजा, अकीक आणि शिंपल्याचे तुकडे बसवलेले. सोबत चीनच्या हान राजवटीतली वूझू नाणी होती, ती इ.स.पू. ११८ पासून पाडायला लागले, त्यामुळे काळाचा अंदाजही लागला. जागा म्हणजे रशियातल्या तुवा भागातलं आला-तेय नावाचं दफनस्थळ, आणि माणसं शिओंग्नू काळातली.

शिओंग्नू म्हणजे मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातले भटके, इ.स.पू. २०९ च्या सुमारास मोदू नावाच्या राजाने (राजाला ते छान्यू म्हणायचे) सगळ्या टोळ्या एका झेंड्याखाली आणल्या, ते. हा मोदू भारीच माणूस. शिट्टी वाजवत जाणारे बाण बनवले आणि सैनिकांना सांगितलं, मी जिथे मारेन तिथे तुम्ही मारायचं, जो कचरेल त्याचं डोकं उडवणार. आधी आपल्या लाडक्या घोड्यावर मारला, मग आवडत्या बायकोवर, आणि शेवटी थेट बापावर, तोवर सगळे इतके तयार झाले होते की एकाचाही हात थरथरला नाही. पुढे इ.स.पू. २०० मध्ये त्याने हान सम्राट गाओझूला बाईदंगच्या डोंगरावर सात दिवस कोंडून ठेवलं, आणि सिमा च्येन हा चिनी इतिहासकार सांगतो की पश्चिमेला सगळे पांढरे घोडे, पूर्वेला करडे, उत्तरेला काळे, दक्षिणेला तांबडे. खरं खोटं देव जाणे, पण डोळ्यांपुढे चित्र काय उभं राहतं!

त्यानंतर हान दरबाराने तह केला. दरवर्षी रेशीम, धान्य, दारू पाठवायची आणि राजघराण्यातली म्हणून एक मुलगी छान्यूला द्यायची. सोयरिकीच्या नावाखाली खंडणीच ती. गाओझू वारल्यावर मोदूने त्याच्या विधवेला, सम्राज्ञी ल्यूला, पत्र पाठवलं की तूही एकटी, मीही एकटा, दोघांनाही करमत नाही, तर बघ काय ते. बाई भयंकर चिडली, सैन्य काढायच्या गोष्टी झाल्या, पण शेवटी उत्तर गेलं ते असं की मी आता म्हातारी झाले, केस आणि दात गळायला लागलेत, आणि सोबत रथ-घोडे भेट. मला हे उत्तर फार आवडतं, अपमान गिळूनही नकार तो दिलाच.

आता गंमत बघा, लिहिलेल्या इतिहासात शिओंग्नूंच्या भोवतीच्या ज्या बायका ठळकपणे दिसतात त्या जवळजवळ सगळ्या अशा, तिकडून इकडे पाठवलेल्या. वांग झाओज्वून तर चीनमध्ये आजही सगळ्यांना माहितीये, इ.स.पू. ३३ मध्ये हूहान्ये छान्यूला दिली, तो गेल्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे तिच्या सावत्र मुलाशी, म्हणजे त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाशी, लग्न करावं लागलं, तिच्यावर शेकडो कविता आहेत. पण शिओंग्नूंच्या स्वतःच्या बायका? लेकी, सुना, आज्या? लिहिणारे सगळे पलीकडचे, त्यामुळे या बायका कागदावर नाहीतच जवळपास. त्या सापडल्या जमिनीखाली.

पश्चिम मंगोलियातल्या खोव्द भागात, आल्ताई डोंगरांत, ताखिल्तीन खोतगोर आणि शोंबूझीन बेलचिर अशी दोन दफनस्थळं आहेत (नावं म्हणताना माझीही जीभ वळत नाही). साम्राज्याची ही पार पश्चिम सीमा. तिथल्या सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं की सगळ्यात मोठी, मानाची थडगी बायकांची आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला साध्या खड्ड्यांत पुरलेत ते बरेचसे पुरुष. एकीच्या शवपेटीवर सोन्याच्या पत्र्याचे सूर्य आणि चंद्र होते, म्हणजे शिओंग्नू सत्तेची खूणच. काही जणींसोबत घोड्याचं सामान, सोन्याचा मुलामा दिलेले लोखंडी बक्कल, चिनी लाखेचा प्याला, असल्या वस्तू, ज्या मी तरी डोळे झाकून "योद्धा, पुरुष" म्हणून टाकल्या असत्या. शिवाय साध्या लोकांच्या डीएनएत चहुकडची सरमिसळ, आणि या बायकांची मुळं जास्त करून पूर्वेकडची. अभ्यासकांचं म्हणणं असं की केंद्रातल्या घराण्यांनी आपल्या लेकी सीमेवर पाठवल्या असाव्यात, तिथल्या सरदारांशी नाती जोडायला आणि सत्ता धरून ठेवायला.

म्हणजे हान दरबार मुली पाठवत होता तेव्हा शिओंग्नूही पाठवत होते, फक्त त्यांच्या मुलींवर कुणी कविता केल्या नाहीत. मोठा फरक मला हा वाटतो की या बायकांच्या थडग्यांवरून तरी त्या नुसत्या देऊन टाकलेल्या वाटत नाहीत, तिथे जाऊन त्या बसल्या आणि मोठ्या झाल्या, गेल्यावर माणसांनी त्यांच्यासाठी एवढे खड्डे खणले. राजकन्या होत्या की राण्या की आणखी काही, शब्दावर मी अडून बसणार नाही.

तिथल्याच एका लहान मुलाच्या गळ्यात इजिप्तच्या बेस देवाचा ताईत होता, आणि तो देवाच्या नेमक्या कुठल्या अवयवाचा आहे ते इथे लिहीत नाही, आई वाचते हा ब्लॉग. दृष्ट लागू नये म्हणून असणार, दुसरं काय. पण इजिप्त कुठे आणि आल्ताई कुठे! आणि मोठ्या झालेल्या मुलांसोबत धनुष्यबाण ठेवलेत, अकरा वर्षांखालच्यांसोबत नाहीत.

उत्तर मंगोलियातल्या नोइन-उला डोंगरातली थडगी तर वेगळाच प्रकार. १९२४ मध्ये कोझलोव्ह या रशियन शोधप्रवाशाच्या लोकांनी ती खणायला घेतली, पुढे २००६ मध्ये नतालिया पोलोस्माक यांच्या टीमने एक खणलं ते १८ मीटर खोल, म्हणजे पाच-सहा मजली बिल्डिंग उलटी जमिनीत घाला. थडगी पूर्वीच लुटलेली, पण थंडीने आणि ओलाव्याने कापड टिकलं. रेशीम, लाखेचे प्याले, एल्कवर (मोठ्या जातीचं हरीण) झेप घेणाऱ्या पंखवाल्या प्राण्याचं चित्र शिवलेला नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड), आणि कापलेल्या केसांच्या वेण्या. वेण्यांपाशी मी जरा थांबले. रेशमाचं म्हणाल तर चूंगहांग यूए नावाचा हान दरबारातला एक खोजा फितूर होऊन शिओंग्नूंकडे गेला होता, तो त्यांना सांगायचा की रेशीम घालून काट्याकुट्यांतून घोडा पळवा, चिंध्या होतील, आपली कातडी आणि नमदेच बरे, आणि त्यांचं जेवण टाका, आपलं दूध-दही चांगलं. कुणी ऐकलं नाही त्याचं, हे थडगी बघून कळतंच.

"गवत-पाण्यामागे फिरणारे, गाव नाही, शेती नाही" हे सिमा च्येनचं वाक्यसुद्धा अर्धंच खरं. रशियातल्या बैकाल सरोवराजवळ इवोल्गाला तटबंदीचं अख्खं गाव निघालं, घरांत भिंतीलगत धुराचे नळ घालून ऊब केलेली, आणि २०२० मध्ये मंगोलियातल्या अरखांगाई भागात "देवपुत्र छान्यू" असं चिनी लिपीत कोरलेल्या छपराच्या कौलांचे तुकडे सापडले. थडग्यांत मेंढ्यांच्या घोट्याची हाडंही मिळतात, मंगोल मुलं आजही त्यांनी खेळतात, उडवायची आणि झेलायची, सागरगोट्यांची बहीण म्हणा.

आणि मामाला सांगायचं राहिलं, आपला संबंध आहे की! शिओंग्नूंनी युएझी नावाच्या शेजारच्या भटक्यांना मारून पश्चिमेला हाकललं (मोदूच्या मुलाने त्यांच्या राजाच्या कवटीचा प्याला केला), युएझींनी शकांना ढकललं, शक सरकत सरकत खाली आले, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात इथल्या क्षत्रप राजाचा, नहपानाचा, जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाची नाणी घेऊन त्यांवर आपला ठसा मारला, ती नाशिकजवळ जोगळटेंभीला हजारांनी सापडली. आपल्या पंचांगात वरती "शके" लिहितात ना, तेच शक.

राहिली आयफोनवाली. आला-तेय हे एका जलाशयाच्या पोटात आहे, येनिसेईवरच्या सायानो-शुशेन्स्काया धरणाचं पाणी मे-जूनमध्ये उतरतं तेव्हाच ती जमीन उघडी पडते, लाटांनी थडगी फुटायच्या आत लोक घाईघाईने खणतात. तिथे बैल, घोडे, वाघ, उंट कोरलेले काशाचे मोठे मोठे बक्कल मिळालेत, आणि ते बरेचसे बायकांच्या कमरेवर, जिथल्या तिथे. काही आठवड्यांनी पाणी परत चढतं.