सिकलसेल: खेळ सगळा उशिराचा

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या उपचारांबद्दल सध्या दोन टोकांच्या गोष्टी कानावर येतात. एकीकडे जनुकात कात्री चालवणारी कॅसगेवी, अमेरिकेत जाहीर किंमत २२ लाख डॉलर. दुसरीकडे हायड्रॉक्सीयुरियाची ५०० मिलिग्रॅमची साधी कॅप्सूल, जी विदर्भात किंवा नंदुरबारकडे 'एसएस पॅटर्न'च्या, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण असलेल्या, बहुतेक घरांत ऐकून तरी माहीत असते. किंमत बघितली तर दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असंच वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही औषधं एकाच ठिकाणी घाव घालतात: गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुन्हा वाढवायचं.

आता ते का वाढवायचं, हे नीट बघू.

अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं जनुक असतं. त्यातल्या एका जागी डीएनएची जीएजी ही अक्षरं जीटीजी होतात आणि साखळीत सहाव्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खाचेत जाऊन बसतं, त्याला पुढचा रेणू चिकटतो, आणि बघता बघता चौदा पदरांचा ताठ दोर तयार होतो. हा दोर तांबड्या पेशीला आतून ताणतो आणि पेशी कोयत्यासारखी वाकडी होते.

पण दोर लगेच वळला जात नाही. सुरुवातीचे काही रेणू जुळून यायला थोडा वेळ लागतो. पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. तेवढ्यात दोर सुरू झाला नाही तर ती फुप्फुसात पोचते, ऑक्सिजन घेते आणि सुटते; सुरू झाला तर वाकडी होऊन वाहिनीतच अडकते. सिकलसेलमध्ये सगळा खेळ या उशिराचा आहे. हा उशीर पेशीतल्या एचबीएसच्या, म्हणजे या सिकल हिमोग्लोबिनच्या, घट्टपणावर अवलंबून असतो, आणि तोही भयंकर तीव्रपणे, जवळजवळ तिसाव्या घाताने. म्हणजे हिशेब असा: एचबीएस नुसतं ५ टक्क्यांनी पातळ झालं तरी उशीर सुमारे पाचपट वाढतो. १० टक्क्यांनी झालं तर वीसपटीच्याही वर जातो. उन्हात राबल्यावर, जुलाब किंवा तापानंतर वेदनेचा झटका का येतो, आणि 'पाणी भरपूर प्या' हा सल्ला गुळगुळीत वाटला तरी का द्यावा लागतो, ते यावरून कळतं. पेशीतलं पाणी थोडं जरी कमी झालं तरी उशीर झपाट्याने आखडतो.

एचबीएफ इथे दोन कामं करतं. एक तर तेवढी जागा व्यापून एचबीएस पातळ करतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्याच्या गॅमा साखळीत ८७व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असल्याने ते दोरात बसतच नाही, आणि अर्धं एस, अर्धं एफ असे जे मिश्र रेणू बनतात तेही दोराबाहेर राहतात. अमेरिकन डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं की नवजात बाळांना हा आजार जाणवत नाही, याचं कारण हेच हिमोग्लोबिन असावं. पहिल्या सहा महिन्यांत ते ओसरतं आणि मग हातापायांची बोटं सुजणं वगैरे सुरू होतं.

इथेच एक व्यावहारिक गोष्ट. गावपातळीवरच्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी, रक्तात एचबीएस आहे का ते बघणारी. डायथायोनाइट या रसायनाने ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि नळीमागच्या रेघा दिसतात की गढूळपणात बुडतात ते पाहायचं. तान्ह्या बाळात एचबीएफ भरपूर आणि एचबीएस कमी, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत ही चाचणी 'नाही' म्हणाली तर त्याला अर्थ नाही. हिमोग्लोबिन फारच उतरलं असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही ती फसते. आणि 'आहे' म्हणाली तरी वाहक की रुग्ण हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसच लागतं. सोल्युबिलिटीच्या भरवशावर लग्नं मोडली जातात, हे फार वाईट आहे.

हायड्रॉक्सीयुरिया मुळात कर्करोगाचं औषध. डीएनए बनवायला लागणाऱ्या एका विकराला ते अडवतं, हाडांतल्या मज्जेतलं पेशीविभाजन थोडं मंदावतं, आणि घाईने तयार होणाऱ्या तांबड्या पेशींमध्ये एचबीएफचा वाटा वाढतो. शिवाय पेशी आकाराने मोठ्या होतात, म्हणजे आतलं एचबीएस पातळ होतं. पांढऱ्या पेशी घटतात, आणि त्या भिंतींना चिकटून रक्तवाहिनी तुंबवण्यात भागीदार असतात, त्यामुळे हाही फायदाच. १९९५ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत प्रौढ रुग्णांना वर्षाला येणाऱ्या झटक्यांचा मध्यक औषध न मिळालेल्या गटात ४.५ होता, औषध मिळालेल्या गटात २.५.

मात्रेचा मुद्दा मात्र अजून धगधगता आहे. बाहेरच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांना दर किलो वजनामागे रोज १५ मिलिग्रॅम, लहान मुलांना २० अशी सुरुवात असते. मग दर आठ आठवड्यांनी किलोमागे ५ मिलिग्रॅमने वाढवत, रक्तपेशी झेपतील तिथपर्यंत, जास्तीत जास्त ३५ पर्यंत. आपल्याकडे नागपुरात किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठरावीक कमी मात्रेवर काम झालं आणि तीव्र आजार असलेल्या मुलांना त्याचाही स्पष्ट फायदा दिसला. आपल्या रुग्णांत अरब-भारतीय हॅप्लोटाइप (जनुकाभोवतीच्या बदलांचा ठरावीक संच) असतो, त्यामुळे एचबीएफ मुळातच जास्त, हे त्यामागचं एक कारण. पण याच हॅप्लोटाइपमुळे 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' असा समज रूढ झाला, तो विदर्भातल्या मुलांनी खोटा ठरवला आहे.

कमी मात्रा सोयीची आहे, नाकारत नाही. तपासण्या कमी लागतात, भीती कमी. तरी युगांडातली २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी डोळ्यांआड करता येत नाही. तिथे किलोमागे २० ची ठरावीक मात्रा विरुद्ध वाढवत नेलेली मात्रा अशी तुलना होती. एचबीएफ २० टक्के किंवा हिमोग्लोबिन ९ च्या वर, या निकषाला वाढत्या मात्रेच्या गटात ८६ टक्के मुलं पोचली, ठरावीक मात्रेत ३७. फरक इतका उघड झाला की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. मात्रा वाढवायला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लागतो, प्रगत प्रयोगशाळा नाही. जिथे महिन्याला सीबीसी होऊ शकतो तिथे १० वर वर्षानुवर्षं थांबून राहणं मला पटत नाही.

सीबीसी वाचताना बघायच्या गोष्टी मोजक्या. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेले तर औषध थांबवून दर आठवड्याला तपासणी, आकडे सावरले की किलोमागे ५ मिलिग्रॅम कमी मात्रेने पुन्हा सुरू. लहान मुलांचे न्यूट्रोफिल मुळातच कमी असतील तर १,२५० पर्यंत चालवून घेतात. मात्रा स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासणी पुरते. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, वाढतोय का हेही पाहावं. तीन महिन्यांत तो हललाच नाही तर बहुतेकदा कॅप्सूल पोटात जात नाहीये, नाहीतर मात्रा अपुरी आहे. मात्र आपल्याकडे लोहाची कमतरता आणि थॅलसिमियाची जोड सर्रास असते, आणि तिथे एमसीव्ही आधीच खालचा असतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी नव्हे, त्याच रुग्णाच्या सुरुवातीच्या आकड्याशी तुलना करायची.

'महिनाभर घेतलं, गुण नाही' म्हणून औषध सोडणारे खूप. एचबीएफ चढायला तीन ते सहा महिने जातात. झेपेल त्या कमाल मात्रेवर सहा महिने काढल्याशिवाय औषध फसलं असं म्हणता येत नाही. आणखी अडचण १०-१२ किलोच्या मुलाची. ५०० ची कॅप्सूल तोडून अर्धी देणं अंदाजपंचे होतं. औषधविक्रेत्याने किंवा दवाखान्याने ठरलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून दिलेलं, सिरिंजने मोजून पाजायचं द्रावण बरं. पूड हाताळताना हातमोजे हवेत. गर्भवती बाईने ती हाताळू नये, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं.

मधल्या काळात दुसऱ्या वाटाही चोखाळून झाल्या. व्हॉक्सेलोटरचं उदाहरण बोलकं आहे. हे औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावतं. ऑक्सिजन सुटलाच नाही तर दोर वळणार नाही, असा तर्क. हिमोग्लोबिन खरंच वाढलं: चाचणीत निम्म्या रुग्णांत १ ग्रॅमहून जास्त. तेवढ्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पण झटके काही लक्षणीय कमी झाले नव्हते. ऑक्सिजन न सोडणारं हिमोग्लोबिन अहवालात चांगलं दिसतं, ऊतींच्या कामाचं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये झटके आणि मृत्यूंची आकडेवारी पाहून कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. रक्तवाहिनीच्या भिंतीला पेशी चिकटू न देणारं क्रिझानलिझुमॅबही नंतरच्या चाचणीत उतरलं नाही आणि युरोपने २०२३ मध्ये परवाना काढून घेतला.

एचबीएफ मात्र टिकून राहिलं, कारण त्याला निसर्गातलाच पुरावा आहे. काही माणसांना एका बाजूने सिकलचं जनुक आणि दुसऱ्या बाजूने एचबीएफ आयुष्यभर चालू ठेवणारा बदल मिळतो. त्यांच्या प्रत्येक तांबड्या पेशीत सुमारे ३० टक्के एचबीएफ असतं, आणि त्यांना जवळजवळ काही होत नाही. 'प्रत्येक पेशीत' हे महत्त्वाचं. सरासरी २० टक्के असूनही काही पेशी एचबीएफविना राहिल्या तर त्याच वाकतात.

एचबीएफ जन्मानंतर बंद करणारा मुख्य हात बीसीएल११ए या प्रथिनाचा, हे २००८ मध्ये पक्कं झालं. हे प्रथिन शरीरात इतरत्रही लागतं, म्हणून जनुकच मोडता येत नव्हतं. २०१३ मध्ये फक्त तांबड्या पेशींच्या वंशात ते चालू करणारा तुकडा सापडला. कॅसगेवीत क्रिस्पर ही जनुकं कापणारी कात्री नेमकी त्या तुकड्यात चालते. सिकलचा मूळ बदल तसाच राहतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने तिला मान्यता दिली. अमेरिकन नोंदीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान बारा महिने तीव्र झटका आला नाही.

कात्री हा त्यातला सगळ्यात सोपा भाग म्हणावा, अशी बाकीची प्रक्रिया आहे. मूलपेशी (ज्यांपासून रक्तपेशी बनतात त्या) काढण्याआधी किमान आठ आठवडे रक्त चढवून किंवा बदलून एचबीएस ३० टक्क्यांखाली ठेवायचं. पेशी रक्तात उतरवायला नेहमीचं जी-सीएसएफ हे औषध वापरायचं नाही, कारण पांढऱ्या पेशी उसळून सिकल रुग्णात जीवघेणा झटका येऊ शकतो. फक्त प्लेरिक्साफोर हे दुसरं औषध. त्याने पेशी कमी निघतात, म्हणून फेऱ्या वाढतात. चाचणीत मध्यक दोन, कुणाला सहापर्यंत. पेशींवर प्रयोगशाळेत काम होऊन त्या परत यायला सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकतात. मग चार दिवस बसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी मज्जा पूर्ण मोकळी करायची आणि किलोमागे किमान ३० लाख सुधारलेल्या मूलपेशी सोडायच्या. न सुधारलेल्या पेशींचा साठाही बाजूला ठेवावा लागतो, नव्या रुजल्याच नाहीत तर परतीची वाट म्हणून. न्यूट्रोफिल सावरायला साधारण चार आठवडे. तोवर रुग्ण वेगळ्या खोलीत, जंतुसंसर्गाच्या टांगत्या तलवारीखाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने 'बिरसा १०१' हा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. कात्री इथे बनली की किंमत खाली येईल, हे खरं. पण रक्तातून पेशी वेगळ्या काढणारं अफेरेसिसचं यंत्र, मज्जा-प्रत्यारोपणाची खाट आणि महिनाभराची शुश्रूषा हा खर्च कात्रीच्या किमतीत नसतो, आणि अशा खाटा गडचिरोलीत नाहीत. बसल्फानऐवजी प्रतिपिंडांनी मज्जा मोकळी करायचे प्रयोग सुरू आहेत, आणि खाटांचं गणित बदललं तर बहुधा त्यांच्यामुळेच बदलेल. तोवर बसल्फानने वंध्यत्व येण्याची शक्यता मोठी आहे. वयात आलेल्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं. मुलीची बीजांडं किंवा बीजकोशाची ऊती साठवायला आधी वेळ, भूल आणि रक्ताची तयारी लागते. ही चर्चा पेशी काढण्याची तारीख ठरण्याच्या कितीतरी आधी व्हायला हवी, कारण हायड्रॉक्सीयुरिया बंद करून रक्त चढवणं सुरू झालं की वेळापत्रकात तिला जागा उरत नाही.