अफरवट: स्कीवरूनच वर, स्कीवरूनच खाली

काश्मीरमधल्या गुलमर्गला लोक गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये, बसून वर जातात आणि घसरत खाली येतात, आम्ही फेब्रुवारीत गेलो ते गुलमर्गच्या डोक्यावरचा अफरवट डोंगर चढूनच जायचं ठरवून. गँग सगळी पुण्याची, सह्याद्रीत भटकून तयार झालेली, त्यामुळे दमाचं टेन्शन नव्हतं. पण राजगड-तोरणा मारणारे पाय चढायला कामी येतात, उतरायला नाही. स्की कधी घातलीच नसेल तर आधी रीतसर कोर्स करा, गुलमर्गमध्येच केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था आहे, आणि एक-दोन सीझन साध्या उतारावर घालवा, मग या फंदात पडा.

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, दुसरा जवळपास ३९५० पर्यंत नेतो. आम्ही कोंगडोरीला उतरलो आणि स्कीच्या तळाला स्किन्स चिकटवल्या. म्हणजे लांब पट्ट्या, एका दिशेने केस असलेल्या, स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. टाच मोकळी असते, पाऊल उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं, हे डोक्यात बसायला तासभर जातो आणि तोवर मांड्या बोंबलतात. उन्हात स्किन ओली झाली आणि पुढे सावलीतला कोरडा भुसभुशीत बर्फ लागला की खाली गोळे धरतात, एकेक पाय दोन किलोचा वाटतो. स्किनवर घासायला वॅक्सचा तुकडा खिशातच ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

आता महत्त्वाचं. मोठी बर्फवृष्टी होऊन गेली की आकाश मस्त निळं होतं आणि तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो. आमचा लोकल गाइड आभाळ मोकळं असूनही "आज नहीं साहब" म्हणून हॉटेलातच बसला. एक मित्र जाम चिडला, परतीची तिकिटं काढलेली ना! पण २०२३ मध्ये याच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, २०२४ मध्ये एक रशियन, त्यामुळे गाइडशी वाद घालायचा नाही, स्की पेट्रोलचं, म्हणजे उतारांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या पथकाचं, रोजचं बुलेटिन बघायचं आणि गप्प नून चाय (काश्मिरी खारा चहा) प्यायचा. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात वाईट. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नलचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवंच, तिघांपैकी एकात भागत नाही, कारण गाडला गेलेला माणूस पंधराएक मिनिटांत बाहेर निघाला तर ठीक, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. मोबाईल बीकनला चिकटून ठेवू नका, सिग्नलमध्ये गडबड होते.

माथ्यावर वारा असा की बोलणं ऐकू येईना. समोर नंगा पर्बत स्वच्छ, ८१२६ मीटरचा, सगळे गार पडले (तसेही पडलेलोच होतो). तिथे स्किन काढून गोंदाची बाजू गोंदाला लावून घडी घाला आणि थेट जॅकेटच्या आत, गोंद गारठला की परत चिकटत नाही. एलओसी जवळ आहे, धारेपलीकडे उंडारू नका आणि ड्रोन घरीच ठेवा.

उतरताना वरचा बर्फ वाऱ्याने कडक झालेला, खाली मात्र गुडघाभर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, अहाहा! एकेकाने उतरायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबून बघायचं. एकजण आपटला, त्याची स्की निसटून बर्फात गडप, प्रोबने टोचत टोचत शोधायला अर्धा तास गेला. स्कीला लांब रंगीत रिबन बांधा, वीस रुपयांचं काम आहे.

टूरिंगचे, म्हणजे असं स्कीवरून चढायचे, बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी खीळ) तिथे भाड्याने मिळतीलच असं नाही, साधं स्कीइंगचं सामान मिळतं, म्हणून आपल्या मापाचं आधीच जमवा. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आणि लवकर काढा. तंगमर्गवरून वर यायला बर्फात चेनवाली गाडी लागते, भाडं आधी ठरवून घ्या. आणि परतीच्या फ्लाइटआधी श्रीनगरला एखाद-दोन दिवस मोकळे ठेवाच, बर्फ पडला की विमानं सर्रास रद्द होतात.