जादूलाही अन्नसाखळी

आज कोथरूडला आमच्या टेबलटॉप कंपूत (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत गोष्ट खेळणारी आमची टोळी) पहिल्यांदाच मांत्रिकाने मंत्र टाकण्याआधी विचारलं, "इथे झाडं किती आहेत?" जीव सुखावला!

नवा नियम माझाच. जादू आकाशातून पडत नाही, अन्नसाखळीतून येते. पर्यावरणशास्त्रज्ञ लिंडेमनने १९४२ मध्ये मांडलेलं गणित सरळ उचललं: एका पातळीवरची ढोबळमानाने १० टक्केच ऊर्जा वरच्या पातळीला पोचते. गवतात १००० एकक जादू असेल तर हरणात १००, वाघात जेमतेम १०. म्हणून व्याघ्रमंत्र महाग. (आगीचे गोळे फुकटात फेकणाऱ्यांची पंचाईत झाली. होऊ दे.)

खरी धमाल देवराईत. बाकी झाडांना फळं नसतानाही उंबर लगडलेला असतो, त्यामुळे वटवाघळं, धनेश, माकडं सगळी त्याच्या भरवशावर. आमच्या मांत्रिक महाशयांनी एका मोठ्या मंत्रासाठी नेमका तोच शोषून घेतला. मग पाखरं पांगली, बिया पसरेनात, आणि वैदूबाईंचे औषधी मंत्र एकेक करून फुसके निघू लागले. शत्रू एकही नव्हता, तरी टेबलावर एवढा ताण!

पुढच्या खेळात गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या झाडाची) जादू आणतोय. मध्य अमेरिकेतून आलेली, झपाट्याने वाढणारी, फांदी खोचली तरी रुजणारी. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरून ही झाडं सगळीकडे माजलेली पाहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.