शहरात शिरलेलं सैन्य का अडकतं

मोकळ्या मैदानात भारी पडणारं सैन्य शहरात शिरलं की अडकतं, आणि हे परत परत झालंय. ३१ डिसेंबर १९९४ ला रशियन रणगाडे चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझनीत घुसले, सोबत पायदळ पुरेसं नाही, आणि चेचेन लढवय्यांनी वरच्या मजल्यांवरून आणि तळघरांतून रॉकेट मारायला सुरुवात केली. रणगाड्याची तोफ तेवढी वर होत नाही की तेवढी खालीही जात नाही! रांगेतली पहिली आणि शेवटची गाडी पेटली की मधल्या सगळ्या जागेवरच अडकल्या.

इराकमधल्या मोसुल शहरात आयसिस या दहशतवादी संघटनेविरुद्ध इराकी सैन्याची लढाई तर ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ चालली. जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की चिलखती गाड्या आतच जाईनात, आयसिसवाले घरांच्या भिंतींना भोकं पाडून एका घरातून दुसऱ्या घरात जायचे म्हणजे वरून विमानाला दिसणारच नाहीत, त्यात बॉम्बने भरलेल्या गाड्या अंगावर यायच्या आणि छोटे ड्रोन ग्रेनेड टाकायचे. जाड भिंतींमागे रेडिओही धड चालत नाही, त्यामुळे बाजूच्याच इमारतीत आपली माणसं आहेत की शत्रू हे कळायला वेळ लागतो.

आणि या सगळ्यात लोक तिथेच राहत असतात, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. बॉम्ब कितीही अचूक असू दे, छतावरच्या एका स्नायपरसाठी इमारत पाडली तर तळघरात लपलेलं कुटुंब पण गेलंच ना. बरं, त्या ढिगाऱ्यात लपायला शत्रूला अजून जागा मिळते ती वेगळीच.