न्यूट्रल फीडबॅकने मला जेवढं छळलं तेवढं निगेटिव्हनेही नाही : माझा अनुभव

ऑनलाइन लिलावात वस्तू विकली की खरेदीदार विक्रेत्याला फीडबॅक देतो, पॉझिटिव्ह, न्यूट्रल किंवा निगेटिव्ह. निगेटिव्ह फीडबॅक आला तर काय करायचं हे सांगणारे ढीगभर लोक भेटतात. न्यूट्रल आला की मात्र सगळ्यांचं एकच, अगं सोडून दे, शिव्या तर नाही ना घातल्या. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आत्ताही पटत नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी जुनी फाउंटन पेनं ऑनलाइन लिलावात विकते. लिस्टिंग, बोली, पेमेंट, पॅकिंग यात आता काही अडत नाही. ज्या पेनावरून हे सगळं झालं ते इबोनाइटचं होतं. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा लागली की काळ्याचं तपकिरी होत जातं. ज्यांना जुन्या पेनांची आवड आहे त्यांना ते चालतं, पण आधी सांगायलाच हवं. म्हणून मी खिडकीपाशी दिवसाउजेडी फोटो काढले, टोपणाखाली झाकलेला भाग अजून काळाभोर होता आणि बाहेरचा चॉकलेटी, ते दोन्ही शेजारीशेजारी दिसतील असा एक फोटो मुद्दाम टाकला, क्लिपचा मुलामा टोकाला उडालाय हे लिहिलं, निबने दोन ओळी लिहून त्याचाही फोटो टाकला. चुरशीने बोली लागली, पेन पोचलं, आणि फीडबॅक आला न्यूट्रल. शेरा काय, तर "ठीक आहे". एवढंच.

आता यातून मी काय समजायचं? रंग आवडला नाही? निब खरखरते? पॅकिंग? कुरिअर? तक्रार असती तर मी पेन परत घेतलं असतं, पैसे परत दिले असते, विषय संपला असता. इथे धरायला काहीच नाही.

मी साइटच्या मेसेजमधूनच विचारलं (बाहेरच्या मेल किंवा फोनवर जाऊ नका, पुढे दाखवायला रेकॉर्ड राहत नाही) की पेन नीट पोचलं ना, काही खटकलं असेल तर सांगा, मी बघते. फीडबॅकचा शब्दही काढला नाही. पहिल्या मेसेजमध्ये तो काढायचाच नाही, समोरच्याला वाटतं हिला पेनाचं नाही, तिच्या रेटिंगचं पडलंय. उत्तर आलं नाही.

मग हेल्प डेस्क. इथे माझं डोकं फिरलं. आमच्या साइटवर खरेदीदाराला फीडबॅक बदलायची विनंती पाठवायचा एक फॉर्म आहे, त्यात कारण निवडावंच लागतं आणि कारणं दोनच: "अडचण सोडवली" किंवा "खरेदीदाराने चुकून दिला". मला अडचण काय तेच माहीत नाही, तर सोडवली कुठून? चुकून दिला असं मी त्याच्या वतीने कसं म्हणू? खोटं टिक करायचं नव्हतं म्हणून चॅटवर विचारलं, तर उत्तर, पॉझिटिव्ह फीडबॅकच्या टक्केवारीत न्यूट्रल धरला जात नाही, आपण निश्चिंत राहा. अहो पण तो माझ्या पानावर सगळ्यात वर दिसतोय त्याचं काय? तर म्हणे तिकीट काढलंय (म्हणजे तक्रार नोंदवलीय), उत्तर येईपर्यंत फॉर्म भरू नका. मी थांबले. दर वेळी चॅटवर नवा माणूस, दर वेळी इबोनाइटपासून सगळं पुन्हा सांगायचं, आणि शेवटी मेल आला की आपली समस्या सुटली आहे, तिकीट बंद. काय सुटलं ते कुठेही लिहिलेलं नाही!

त्यानंतर एक दिवस खरेदीदाराचाच मेसेज आला. माणूस सज्जन निघाला. पेन उत्तम आहे, रोज त्यानेच लिहितो, कुरिअरने फार उशीर केला म्हणून न्यूट्रल दिला, बदलायचा असेल तर लिंक पाठवा. मी आनंदाने फॉर्म उघडला तर विनंतीची मुदत संपलेली. ज्यांनी थांबायला सांगितलं त्यांनीच मुदतीचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं. चॅटवर पुन्हा गेले, तर नियम आहे, अपवाद नाही.

टक्केवारीत नाही म्हणजे महत्त्वाचं नाही हे मला मान्यच नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर फीडबॅकची पद्धत 1996 मध्ये सुरू झाली तेव्हापासून गुणांचा हिशोबही असाच आहे, पॉझिटिव्हला अधिक एक, निगेटिव्हला वजा एक, न्यूट्रलला शून्य. पण पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी तिथल्या 1999 मधल्या व्यवहारांचा अभ्यास केला त्यात खरेदीदारांनी दिलेल्या फीडबॅकपैकी 99.1 टक्के पॉझिटिव्ह होते, 0.6 टक्के निगेटिव्ह आणि न्यूट्रल फक्त 0.3 टक्के. म्हणजे सगळे भरभरून कौतुक करतात तिथे एक "ठीक आहे" लांबूनच नजरेत भरतो. बोली लावणारा माणूस तोच उघडून वाचतो, मी स्वतः विकत घेताना तेच करते.

हो, एक राहिलं. फीडबॅक बदला, मी थोडे पैसे परत देते, असं चुकूनही लिहू नका. कितीही गोड शब्दात लिहिलं तरी तो सौदा ठरतो आणि अकाउंटवर येऊ शकतं. आणि उलट राग काढायचा म्हटलं तरी सोय नाही, ईबेने तर 2008 पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल न्यूट्रल किंवा निगेटिव्ह देताच येणार नाही असं करून टाकलंय. ते योग्यच आहे असं माझं मत, नाहीतर खरेदीदार घाबरून खरं लिहिणारच नाहीत.

माझ्या हातात उरलं होतं फक्त फीडबॅकखालचं जाहीर उत्तर. ते एकदाच देता येतं, नंतर सुधारता येत नाही, म्हणून आधी वहीत लिहिलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी निम्मं खोडलं. राहिलं ते असं: "कुरिअरच्या उशिराबद्दल दिलगीर आहे. पेन पसंत पडल्याचं कळवलंत, आभार. यापुढे ट्रॅकिंग नंबर त्याच दिवशी पाठवेन." खरेदीदाराशी भांडण नाही, हेल्प डेस्कचा उल्लेख नाही. हे उत्तर त्याच्यासाठी नसतंच, पुढच्या बोली लावणाऱ्यासाठी असतं. मला या तीन वाक्यांचा अभिमान आहे, कारण नंतर एकाने पेन घेण्याआधी विचारलं, तुम्ही ट्रॅकिंग लगेच पाठवता ना, वाचलं मी. त्याने बोली लावली आणि पेन त्यालाच गेलं.

आता पार्सल पोचल्याचं दिसलं की त्याच दिवशी मी स्वतःहून एक ओळ टाकते, पेन आलं का, शाई भरून बघितलीत का, काही असेल तर आधी मला सांगा. आणि न्यूट्रल आलाच तर पहिल्यांदा विनंतीची शेवटची तारीख शोधून कॅलेंडरमध्ये टाका, हेल्प डेस्क काहीही सांगो.